पडद्यावरचे साहेब

नाशिकच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर दोनशे रुग्णालयांत चालायचं. त्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला एका गुप्त डिजिटल चावीची मोहोर लागे. ती चावी हेमांगी तोडकर सांभाळायची. चावी परक्याच्या हाती पडली असती, तर बनावट आवृत्तीवर खरी मोहोर लावून त्यानं अतिदक्षता विभागातली यंत्रंही ताब्यात घेतली असती.

एका दुपारी मालक सरदेशमुख साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. साहेब तापट, उठसूट माणसाला घरी पाठवणारे.

"हेमांगी, चावी पाठव. लगेच!"

आवाज त्यांचाच होता, मधला खोकलाही त्यांचाच. पण इतक्या वेळात साहेबांची पापणी एकदाही लवली नव्हती.

"नियमात बसत नाही, साहेब."

"मला नियम शिकवतेस? आत्ताच्या आत्ता नोकरीवरून काढीन!"

ती शांतपणे म्हणाली, "काढाच, साहेब. तो हुकूम कंपनीच्या सिस्टिममध्ये फक्त तुमच्या खात्यातून निघतो. तो आला, की मी स्वतः चावी तुमच्या केबिनमध्ये आणून देते."

हुकूम काही आला नाही. चेहरा नुसता तिच्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात दार उघडून खरे सरदेशमुख आत आले आणि जागीच थिजले. पडद्यावरून त्यांच्याच तोंडानं कुणीतरी ओरडलं, "शेवटचं सांगतो, काढून टाकीन!" मग कॉल तुटला.

त्यानंतर साहेबांनी ऑफिसात आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही.