येसबाची जीभ

एक होता राजा. भारी संशयी. आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी ओरडायचा, "हा कोण? आत कसा आला?" हसतोस काय रे मोरू, सकाळी तुझं तोंड तू बघत जा एकदा.

तर या राजाकडे येसबा नावाचा माणूस होता. त्याचं काम काय, तर चाखायचं. राजाच्या ताटातलं आधी येसबानं खायचं. मग शेजारी एक वात लावायची. वात विझेपर्यंत येसबा उभा राहिला, की राजा जेवायचा. येसबा आडवा झाला, की राजा उपाशी. पण तो कधी आडवा झाला नाही बरं का, नाहीतर गोष्ट इथंच संपली असती.

अशी वर्षानुवर्षं गेली. केस पिकले. आणि येसबाला खोडच लागली. घरी त्याची बायको, भागा, भाकरी वाढायची. हा कोपरा मोडायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटून वाट बघायचा.

एकदा भागा म्हणाली, "कशाची वाट बघताय? मरणाची? मेलात तर मेलात, पण भाकरी तरी गरम खा!"

ते लागलं हो त्याला. म्हणाला, "भागे, सोडतो ही नोकरी. नदीच्या वाळूत कलिंगडांची वाडी लावू."

"लावू कशाला? मी केव्हाच लावलीय. माझी भाकरी हुंगता, आणि एवढी वाडी नाही कळली!"

मग येसबा गेला दरबारात. "महाराज, मला मोकळं करा."

राजाचे डोळे बारीक झाले. "का? कुणी फितवलं?"

"कुणी नाही, महाराज."

"इनाम हवं?"

"नको."

"इनामही नको? मग नक्कीच कुणीतरी फितवलं!"

आता त्या राज्यात एक रीत होती. नोकरी सोडताना कामाचं हत्यार राजाच्या उंबऱ्यावर ठेवून जायचं. न्हाव्यानं वस्तरा ठेवला होता, डफवाल्यानं डफ. राजा म्हणाला, "तुझं हत्यार तुझी जीभ. ठेव."

येसबानं विचार केला, कलिंगडांशी काही बोलावं लागत नाही. भागाशी भांडायला जीभ लागते, पण तिच्यापुढे आपण जिंकलोय कधी? त्यानं आ केला. वैद्यानं मानेवर एक चापट मारली आणि टुणकन् जीभ बाहेर! रक्त नाही, बिक्त नाही. चांदीच्या वाटीत बेडकीसारखी बसली आणि लागली की बोलायला, "वाटी गार आहे हो!"

येसबा मुका होऊन घरी गेला.

मग पहिल्या दिवशी राजानं जिभेवर खीर घातली. जीभ म्हणाली, "वा! वेलदोडा जरा कमी." वात विझली. राजानं घास उचलला आणि थांबला. अरे, हिला पोट कुठंय? विष कळणार कशानं? पोट तर येसबाबरोबर गेलं! घास ठेवला खाली.

मग दुसऱ्या दिवशी आचाऱ्याला खायला लावलं. त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं. राजा म्हणाला, "एवढ्या आवडीनं खातो? उतारा आधीच घेतला असणार!"

मग तिसऱ्या दिवशी राणीला म्हणाला, "तू चाख." राणीनं ताट त्याच्या पायांवर आपटलं आणि गेली माहेरी.

राजाचं पोट पाठीला लागलं. वाटी घेऊन तो नदीवर आला. वाळूत हिरवेगार वेल, ही एवढाली कलिंगडं! येसबा एकेकाला टिचक्या मारून ऐकत होता.

"चल परत," राजा म्हणाला, "नाहीतर ही वाटी नदीत फेकीन!"

येसबाचं तोंड एवढंसं झालं. वाटीकडे बघितलं. वेलांकडे बघितलं. आणि मान हलवली, नाही म्हणून. वर एक कलिंगड कापून राजापुढे ठेवलं.

"आधी तू खा!"

येसबा हात मागे बांधून उभा. भागा म्हणाली, "ते काम सुटलं, महाराज. आता तुमचं तुम्ही."

"सुरीला काहीतरी लावलंय!" राजा ओरडला. पण पोटात नुसती आग. त्यानं वेलावरचं दुसरं कलिंगड ओढलं, स्वतःच्या गुडघ्यावर फोडलं आणि डोळे मिटून तोंडच घातलं त्यात. मग थांबला. वाट बघितली. मेला? कुठला मेला! मग आणखी खाल्लं. रस मिशांतून, दाढीतून, पार पोटावरून.

"मला! मलापण!" वाटीतून जीभ ओरडली.

राजानं इकडेतिकडे बघितलं. चाखणारा नाही, वात नाही, आणि आपण तर पोटभर जेवलो. आता या जिभेचं करायचं काय? त्यानं वाटी येसबाच्या तोंडाशी नेली. टुणकन् आत!

आणि येसबा पहिलं काय बोलला, माहितेय? "महाराज, बिया गिळू नका!"

राजा पांढराफटक. "का? काय होतं?"

"काही नाही हो. पुढच्या साली पेरायला लागतात."

मग राजानं थू थू करून सगळ्या बिया वाळूत टाकल्या, आणि भागानं वेचून घेतल्या.

येसबा वाडीवर सुखात राहिला. गरम भाकरी खाल्ली, भागाशी भांडला, रोज हरला. राणी परत आली. राजा दर उन्हाळ्यात वाडीवर यायचा. सुरीकडे तिरकं बघायचा, पण खायचा.

चला, डोळे मिटा. दूध प्यालात ना सगळे? मग असे काय बघताय माझ्याकडे? काही नव्हतं घातलं त्यात. बहुतेक. झोपा.