नावाडी आणि दोन औषधं

फार जुन्या काळची गोष्ट. नद्यांवर पूल बांधणं माणसाला अजून जमलं नव्हतं, तेव्हाची.

एका रुंद नदीच्या काठी रावजी नावाचा नावाडी राहत होता. आईबाप लहानपणीच गेले. थोरल्या बहिणीनं, ठकूआक्कानं, त्याला वाढवलं. तिनं स्वतःचा संसार मांडला नाही. भावाच्या ताटात भाकरी पडली की तिचं पोट भरायचं.

उतारवयात रावजीला मधुमेह जडला. तहान भागेना, पायाची जखम भरेना, वल्हं मारताना हात गळून जात. पलीकडच्या काठावर एक वैद्य होते. त्यांनी औषध सुरू केलं आणि बजावलं, "हे रोज घ्यायचं. वेळेवर जेवायचं. दुखणं जाणार नाही, पण आवाक्यात राहील."

तसंच झालं. जखम भरली. रावजी पुन्हा नाव हाकू लागला.

वैद्यांचा हात गुणकारी होता, पण जीभ तिखट होती. एकदा एका बाईनं भीतभीत विचारलं, "सोबत घरचा काढा घेतला तर चालेल का?" वैद्य कडाडले, "मग माझ्याकडे कशाला आलीस? जा, काढाच पी!" तेव्हापासून त्यांच्यासमोर लोक नुसती मान हलवत. घरी काय घेतो ते कुणी सांगत नसे.

भावाला जन्मभर औषध घ्यावं लागणार, हे आक्काच्या मनाला लागून राहिलं. एके दिवशी नावेतून उतरलेल्या एका वाटसरूनं तिला डोंगरावरच्या एका वेलीबद्दल सांगितलं. तिचा पाला चघळला की जिभेला गूळही मातीसारखा लागतो. "त्याचा काढा घ्या," तो म्हणाला, "मधुमेह मुळासकट जातो."

आक्काचे गुडघे धरलेले होते. तरी ती काठी टेकत डोंगर चढली आणि ओटीभर पाला घेऊन आली.

काढ्याचा वाडगा हातात घेऊन रावजी थबकला. "आक्का, वैद्यबुवांना विचारू का?"

"विचारलंस तर ते औषधच बंद करतील तुझं. अरे, पालाच तर आहे. पाल्यानं कधी कुणाचं वाईट झालंय?"

तिच्या पायांवरचे काट्यांचे ओरखडे रावजीला दिसले. त्यानं वाडगा तोंडाला लावला. काढा पिऊन टाकला.

वैद्यांचं औषधही चालू राहिलं आणि आक्काचा काढाही.

थोड्या दिवसांनी रावजीला मधूनच दरदरून घाम फुटू लागला. हात थरथरत, पोटात भुकेचा आगडोंब उसळे. आक्का म्हणाली, "दुखणं बाहेर पडतंय." एकदा तर तो नावेत बसून असंबद्ध बडबडू लागला. उतारू हसले, त्यांना वाटलं ताडी प्यालाय. एका म्हातारीनं त्याला जवळचे चार खजूर भरवले, तेव्हा तो भानावर आला.

तो वैद्यांकडे गेला. वैद्यांनी नाडी पाहिली. कपाळाला आठ्या घालून विचारलं, "दुसरं काही घेत नाहीस ना?"

रावजीनं त्या आठ्यांकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

पुढे पलीकडच्या गावी जत्रा भरली. सकाळी औषध आणि काढा घेऊन रावजी घाटावर आला. उतारूंची रीघ लागली होती. भाकरी सोडायलाही त्याला उसंत मिळाली नाही. दुपारी पलीकडे माणसं उतरवून तो रिकामी नाव घेऊन परत निघाला. आक्का जेवण घेऊन काठावर उभी होती.

मधल्या धारेत नाव गोल फिरू लागली. रावजीच्या हातातून वल्हं सुटलं. तो उभा राहिला, डुलला आणि पाण्यात पडला. चालायच्या आधी पोहायला शिकलेला तो माणूस. त्यानं हातसुद्धा मारला नाही.

लोकांनी त्याला बाहेर काढलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

वैद्य दुसऱ्या होडीतून नदी ओलांडून धावत आले. आक्कानं घरातून उरलेला पाला आणून त्यांच्यापुढे ठेवला. "वैद्यबुवा, खरं सांगा. हा विषारी होता का? मीच भावाला विष पाजलं का?"

वैद्यांनी पाला चुरगळून पाहिला. खाली बसून ते म्हणाले, "नाही, आक्का. विष नव्हतं. याच्यानंही रक्तातली साखर उतरते आणि माझ्या औषधानंही. दोन्ही मिळून ती फार खाली गेली. त्यात आज पोटात अन्न नव्हतं. मला कळलं असतं तर मी माझी मात्रा कमी केली असती, नाहीतर काढा थांबवला असता. तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकून घेतलं असतंत का?"

वैद्यांनी मान खाली घातली. 

त्यानंतर त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ते जवळ बसवून विचारत, "घरचं, दारचं, जे काही घेत असाल ते सांगा. मी रागावणार नाही." त्यानं पुढे अनेकांचे जीव वाचले.

पण आक्काच्या घरी चूल एकाच माणसासाठी पेटत राहिली. कधी चुकून दोघांचं पीठ मळलं जाई. मग ती अर्धा गोळा काढून बाजूला ठेवी.

म्हणून मुलांनो, थोरांनो, ध्यानात ठेवा: जुनं दुखणं असेल तर साधा काढासुद्धा वैद्याला सांगितल्याशिवाय घेऊ नये, आणि सांगणाऱ्यावर वैद्यानं कधी रागावू नये.