मागायचं काय, मिळणार काय

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. नाव विश्राम. गावच्या दूध संघातला संगणक तो सांभाळायचा. सांगाल ते करायचा, आणि गावाला धास्ती होती ती त्याचीच.

संघाचं दूध घेणारं जुनं गिऱ्हाईक तुटलं होतं. शहरातला एक मिठाईचा कारखाना सगळं दूध घ्यायला तयार झाला, पण एका अटीवर. त्यांचा संगणक संघाच्या संगणकाला परस्पर विचारणार आणि संघाचा परस्पर उत्तर देणार. तेव्हा काय विचारायचं आणि काय उत्तर येईल, याचं वर्णन आधी लिहून द्या. लिहायच्या पद्धती दोन: जुनी ऐसपैस, नवी सुटसुटीत. हे जमलं नाही तर गावाला दूध ओढ्यात ओतावं लागणार होतं.

"कुठली घ्यायची ती घे, पर लिही," संघाच्या चेअरमन इंदुआक्का म्हणाल्या.

विश्रामने जुनी घेतली. आधी दूध म्हणजे काय ते लिहिलं. मग म्हैस म्हणजे काय. पाय चार, शिंगं दोन, शेपूट एक. शेपूट नसल्यास कारण द्यावे. आक्कांनी कपाळाला हात लावला.

"आरं, म्हैस कशाला शिकवतोस त्यास्नी? मोजकं सांगावं!"

"व्हय आक्का. आता तसंच करतो."

तेवढ्यात संघाचं दूध न्यायला निघालेल्या टँकरवाल्याचा फोन आला. "घाट उतरलोय. डेअरीला कसं येऊ?"

"टँकरनं," विश्राम म्हणाला आणि फोन ठेवला.

टँकर दुसऱ्या दिवशी खडीच्या खाणीत सापडला. इकडे दूध नासलं.

"आरं गाढवा, इचारलं की पार मुळापासनं सगळं सांगावं!"

"व्हय आक्का. आता तसंच करतो."

मग कारखान्याच्या पारसनीसबाई दूध बघायला आल्या. चव घेऊन म्हणाल्या, "बरं आहे. इथवर येतं कसं?"

विश्रामने मुळापासून सुरुवात केली. "पहाटं धारा काढत्यात. मग आक्कांचे दीर इहिरीवर जात्यात, घागर भरत्यात, आन्..."

आक्कांनी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. "...आन् आंघोळ करत्यात," त्यांनीच वाक्य पुरं केलं.

बाईंची गाडी वळली आणि आक्का कडाडल्या.

"आरं मुडद्या, आतलं बाहेर सांगायचं नसतंय! कसं करतो ते झाकायचं. काय मागायचं आन् काय मिळणार, एवढंच सांगायचं!"

"व्हय आक्का. आता तसंच करतो."

आणि खरंच, या वेळी गड्याने नेटकं वर्णन लिहिलं. पद्धत कुठली घ्यावी कळेना, म्हणून दोन्हींत लिहिलं आणि धाडून दिलं. आक्कांनी देवापुढे नारळ फोडला.

संध्याकाळी पारसनीसबाईंचा फोन आला. "इतकं स्पष्ट वर्णन मी आजवर वाचलं नव्हतं. करार रद्द."

आक्कांनी धावत जाऊन पडद्यावर पाहिलं.

मागायचं: दूध, चार लिटर.
मिळणार: दूध, तीन लिटर. पाणी, एक लिटर.

आक्का मटकन खाली बसल्या. विश्राम त्यांना वारा घालू लागला.

"घाबरू नगा आक्का. कुठल्या इहिरीचं, कोण घालतंय, एक अक्षर लिवलं न्हाई. त्ये आतलं!"