जिभेचा दणका

दोष अप्पांचा. हे आधीच सांगून टाकतो.

एका गावात एक भोळा आचारी होता. नाव केरू. इटलीच्या एका बोटीवर त्याची नोकरी जवळजवळ ठरली होती. फक्त बोटीच्या साहेबाला भेटायचं, आणि चार शब्द इटालियन यायला हवे होते.

केरूचे चुलते अप्पा चाळीस वर्षांपूर्वी बोटीवर भांडी घासायचे. बोट तीन दिवस इटलीत थांबली होती. तेवढ्यावर म्हातारा मास्तर होऊन बसला.

"केऱ्या, नियम पहिला. ह लिहितात, पण बोलत नाहीत. सोडून द्यायचा."

"सोडला, अप्पा."

आतून आई ओरडली, "केरू, फळीवरची हंडी आण रे!"

केरूने ह सोडला. अंडी नेऊन दिली.

"मेल्या, भात काय अंड्यात शिजवू?"

अप्पा म्हणाले, "गाढवा, मराठीत नाही सोडायचा! नियम दुसरा. एकच अक्षर दोनदा जोडून आलं, की दणका द्यायचा."

"कुठेही आलं तरी?"

"कुठेही. गय करायची नाही."

केरूने विचार केला. "अप्पा," तो म्हणाला. प्प! घातला दणका पाठीत. अप्पांची कवळी चहात पडली.

"आताने नाय रे!" अप्पा बोंबलले. "जिभेने! जिभेने द्यायचा दणका!"

केरूला कौतुक वाटलं. अप्पांनी ह सोडला होता.

कवळी धुऊन म्हाताऱ्याने तिसरा नियम सांगितला. "क च्या पुढे इ किंवा ए आला की त्याचा च होतो." हा नियम इटालियनच्या 'सी' या एका अक्षराचा, मराठीतल्या क चा नव्हे. तेवढं सांगायला म्हातारा विसरला. आमचे म्हातारे अर्धं शिकवतात आणि पुरतं झोडतात.

साहेब तालुक्याच्या हॉटेलात उतरला होता. सोबत एजंटबाई. बाईंनी विचारलं, "नाव?"

"चेरू."

"पासपोर्टवर केरू आहे."

"लिहितात तसं."

"बरं. बनवता काय काय येतं?"

"चेक येतो. चेळफुलाची भाजी येते. कोबी येतो."

"मग कोबीचा चोबी का नाही?"

"पुढे ओ आहे ना, बाई."

बाईंनी साहेबाला ते समजावलं. साहेब पोट धरून हसला. असा माणूस बोटीवर हवाच, म्हणाला. उभा राहिला, हात पुढे केला आणि स्वतःचं नाव सांगितलं.

"रिक्कार्दो."

क्क!

केरूचा हात वर गेला. मग त्याला आठवलं. हाताने नाही. त्याने हात खाली घेतला, जीभ बाहेर काढली आणि टेबलावरून साहेबाच्या गालावर झेप घेतली.

साहेब बाजूला सरला. टेबल सरलं नाही.

केरूची बोट गेली आणि समोरचे दोन दात गेले.