पांढऱ्या झग्याची दुमड

फार फार मागे, तुमच्या पणजोबांचे पणजोबाही रांगत नव्हते तेव्हा, समुद्रकाठच्या एका ख्रिस्ती गावात कात्रीन नावाची आठ वर्षांची पोर राहत होती. गावातली माणसं भाविक होती, आणि तितकीच हट्टी. कात्रीन मात्र जगावेगळी. शेजारी कुणी आजारी पडलं की हिच्या घशाखाली घास उतरत नसे. "दुमिंगची नात देवाची आहे," असं लोक म्हणत, आणि म्हणून झालं की आपापल्या भांडणांना लागत.

कात्रीनला एकच ध्यास होता, पहिल्या कम्युनियनचा. देवळात येशूचा पवित्र प्रसाद पहिल्यांदा जिभेवर घ्यायचा, तो दिवस ती बोटांवर मोजत होती. आईनं पांढरा झगा शिवून पेटीत ठेवला होता.

त्या गावची एक रीत होती. कम्युनियनच्या आदल्या दिवशी मुलानं आळीतल्या प्रत्येक वडीलधाऱ्यापुढे हात जोडून बेसांव मागायचा. बेसांव म्हणजे आशीर्वाद. मागायचा धाकट्यानं आणि द्यायचा थोरल्यानं हात वर करून, यात कधी बदल नाही.

आता गंमत बघा. कात्रीनच्या शेजारी इंत्रुबाबा राहत. त्यांचं आणि कात्रीनच्या आजोबांचं, म्हणजे दुमिंगबाबांचं, बारा वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, तर बांधावरचा फणस कुणाचा. तो फणस केव्हाच वठून चुलीत गेला होता, पण भांडण हिरवंगार होतं. तेव्हा 'प्रत्येक वडीलधारा' म्हणजे इंत्रुबाबा सोडून, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

कात्रीनलाही ठाऊक होतं. तिला ते पटत नव्हतं, एवढंच. ती सरळ इंत्रुबाबांच्या फाटकाशी गेली आणि हात जोडून उभी राहिली.

"तुझ्या आजाला पाठव, मग देतो," इंत्रुबाबा म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

घरी हे कळताच दुमिंगबाबा तापले. "मी जाऊ त्याच्या दारात? माझं डोकं अजून फिरलेलं नाही. उद्या गुमान देवळात चल."

"नाही, आजोबा," कात्रीन हळू आवाजात म्हणाली. "इंत्रुआजोबा हात वर करतील तेव्हाच मी कम्युनियन घेईन."

दुसऱ्या दिवशी बाकीची मुलं पांढऱ्या कपड्यांत वेदीपुढे गेली. कात्रीन रोजच्या कपड्यांत शेवटच्या बाकावर बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. फादरांनी तिला जवळ बोलावलं. "बाळ, तुझ्या मनात कुणाबद्दल वैर नाही. तू घे ना."

"माझ्या मनात नाही, फादर," ती म्हणाली. "माझ्या घरात आहे."

खरं सांगतो मंडळी, माझे केस पिकले, पण मला एवढं कधी जमलेलं नाही.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी देवळाची घंटा झाली की ती इंत्रुबाबांच्या फाटकाशी हात जोडून उभी राही. दार उघडत नसे. "उद्या येते हं, इंत्रुआजोबा," असं सांगून ती परत येई. तिनं कुणाला दोष दिला नाही, की कुणाजवळ रडगाणं गायलं नाही. वर्ष गेलं. नवी मुलं वेदीपुढे गेली. कात्रीन शेवटच्या बाकावरच होती, फक्त उंच झाली होती. आईनं झग्याची एक दुमड उसवून तो लांब केला.

दुसरं वर्षही सरत आलं. एका संध्याकाळी दुमिंगबाबांना सून उंबऱ्याशी तो झगा घेऊन बसलेली दिसली.

"काय करतेस गं?"

"दुमड उसवतेय, मामंजी. ही शेवटची. आता आत कापड उरलं नाही. पुढच्या वर्षी हा तिला व्हायचा नाही."

म्हाताऱ्यानं झगा हातात घेतला. उसवलेल्या पहिल्या दुमडीची रेघ कापडावर तशीच राहिली होती, आता तिच्याखाली दुसरी उमटली होती. नातीची दोन वर्षं. आपण काय करून बसलो, हे त्यांना तेव्हा कळलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. मग त्यांना आणखी एक आठवलं. इंत्रु त्यांच्याहून सहा महिन्यांनी थोरला होता.

घंटा झाली. कात्रीन फाटकाशी उभी होती. दुमिंगबाबा तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"इंत्रु, तू थोरला आहेस. बेसांव दे."

दार उघडलं. इंत्रुबाबांनी दोघांवर हात वर केला.

"किती वर्षं वाट बघायला लावलीस, मेल्या," म्हणून इंत्रुबाबा रडू लागले.

रविवारी दोन म्हाताऱ्यांच्या मधून कात्रीन वेदीपुढे गेली. झग्यावरच्या दोन्ही रेघा सगळ्यांनी पाहिल्या, आणि त्या आठवड्यात गावातली आणखी चार दारं उघडली.

कात्रीन फार जगली नाही. पंधराव्या वर्षी तापानं गेली. तिला खांदा द्यायला सगळं गाव लोटलं होतं. लोक तिला संत म्हणू लागले. पण नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. त्या गावच्या आया तेव्हापासून कम्युनियनच्या झग्यावर खाली दोन रेघा मुद्दाम घालतात, आणि बेसांव मागायला निघालेलं पोर, जिथं बोलणं बंद आहे, त्या घरी सगळ्यांत आधी जातं.

तात्पर्य : देवाच्या दाराकडे जाणारी वाट रुसलेल्या शेजाऱ्याच्या अंगणातून जाते.