हौदातली सुरी

एके काळी एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध वस्ताद तालीम चालवीत असत. लाठी, ढाल-काठीचा फरी-गदका आणि रिकाम्या हाताने शस्त्रधाऱ्याला कसे आवरावे, या विद्यांत त्यांच्या तोडीचा माणूस पंचक्रोशीत नव्हता. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटे नव्हती. ती एका खऱ्या झुंजीत गेली, असे त्यांचे शिष्य अभिमानाने सांगत. वस्ताद त्यावर काही बोलत नसत, आणि लोक त्या मौनाला विनय समजत.

त्या तालमीत एक जुनी रीत होती. सरावाच्या वेळी एकाने लाकडी सुरीने वार करायचा. दुसऱ्याने पाऊल बाजूला टाकून त्याचे मनगट धरायचे, ते पिळायचे आणि सुरी काढून घ्यायची. घेतलेली सुरी कपाळाला लावायची आणि दोन्ही हातांनी जोडीदाराला परत द्यायची. मग पुन्हा वार, पुन्हा पकड, पुन्हा परत. शस्त्राचा मान राहावा आणि जोडीदाराविषयी मनात अढी राहू नये, म्हणून कोणा पूर्वजाने ही रीत घातली असावी. रीत सुंदर होती. मला ती आजही सुंदरच वाटते.

या तालमीत सगुणा नावाची एक तरुण मुलगी शिकायला आली. घाटावरच्या एका वस्तीत गुळाच्या एका व्यापाऱ्याच्या संस्थेची शाळा होती. आधीच्या मास्तरांना जंगलातल्या वाटेवर कोणी लुबाडले, तेव्हापासून शाळेला कुलूप होते. सगुणाने शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. त्या व्यापारी शेठजींनी तिची प्रमाणपत्रे ठेवून घेतली आणि म्हणाले, "शिक्षण उत्तम आहे, पोरी. पण त्या वाटेने एकटीने जायचंय. वर्षभर वस्तादांकडे शीक. खंडेनवमीला तालमीत खेळ होतात, तेव्हा बघू. जमलं तर जागा तुझी."

सगुणाला ती जागा हवी होती. वरच्या वस्तीतली वीस-बावीस मुले दीड वर्ष शाळेविना गुरे राखत होती, आणि त्यांतली तीन तिच्या मामाची होती.

वस्तादांनी तिला इतरांसारखेच शिकवले. पाऊल शिकवले, मनगट शिकवले. फक्त एक गोष्ट निराळी सांगितली. तिने पहिल्यांदा सुरी काढून घेतली आणि इतरांचे पाहून ती कपाळाकडे नेली, तेव्हा वस्ताद ओरडले, "परत द्यायची नाही!"

"मग काय करू, वस्ताद?"

"पळ."

"कुठं?"

"दाराबाहेर. लिंबाच्या पलीकडे गुरांचा हौद आहे ना, त्यात टाक. आणि पळताना ओरड."

"काय ओरडू?"

"तोंडाला येईल ते."

सगुणाच्या तोंडाला आले, "सरका!" लाकडी सुरी हातात घट्ट धरून ती लाल मातीतून दाराकडे धावली, "सरका! सरका!" करीत लिंबाला वळसा घातला आणि सुरी हौदात टाकली. परत आली तेव्हा चाळीस शिष्य पोट धरून हसत होते.

हे रोजचे झाले. दिवसातून वीस वेळा ती सुरी घेई आणि वीस वेळा हौदापर्यंत धावे. तिचा जोडीदार दौलू हा अकरा वर्षांपासूनचा, तालमीतला सर्वांत तरबेज शिष्य. पोटापाण्यासाठी तो गुळाच्या बाजारात मापाडी होता. प्रत्येक वेळी सुरी परत येईपर्यंत तो बिचारा कमरेवर हात ठेवून उभा राही.

"सगुणाताई," तो म्हणे, "हौदाला आज तहान जास्त दिसतेय."

"हौदालाच विचार की. तुझ्या सुऱ्या तोच पितो."

"आमच्या हाताला तेवढाच विसावा! पण वस्ताद, ही लढायला शिकतेय की शर्यतीला?"

वस्ताद फक्त म्हणत, "पुढचा वार कर." एवढे म्हणून ते डाव्या हाताची उरलेली तीन बोटे उपरण्याखाली झाकून घेत.

खंडेनवमी आली. शस्त्रांची पूजा झाली, मग खेळ सुरू झाले. शेठजी पुढच्या गादीवर बसले होते. शेवटी दौलू आणि सगुणा समोरासमोर आले. दौलूने पोटावर वार केला. सगुणाचे पाऊल विजेसारखे सरकले, मनगट तिच्या दोन्ही हातांत आले आणि सुरी तिच्याकडे गेली. सभा "वाहवा" म्हणणार, एवढ्यात ती "सरका! सरका!" ओरडत शेठजींच्या गादीवरून धावत दाराबाहेर पडली. क्षणभर कोणाला काही समजेना. मग सारी तालीम हसण्याने दणाणली.

शेठजी हसले नाहीत. "सुरी घेतली, मान्य," ते वस्तादांना म्हणाले. "पण नंतर पळाली. पळणाऱ्या मुलीला मी त्या वाटेवर कसा पाठवू?"

"सांगितलं ते तिनं केलं, शेठ."

"मग सांगणाऱ्याचं चुकलं."

वस्तादांनी मान खाली घातली. सगुणा हौदापाशी उभी होती. हे तिला पुढे दौलूने सांगितले, आणि सांगताना त्याने एकही विनोद केला नाही.

आठ दिवसांनी सगुणा आपली प्रमाणपत्रे परत घ्यायला शेठजींच्या पेढीवर गेली. बाजाराचा दिवस होता. पेढीसमोर गुळाच्या ढेपा रचलेल्या, हमालांची ये-जा चालू, आणि दौलू काट्यापाशी माप सांगत होता. शेठजी आतून कागद घेऊन बाहेर आले, तोच गर्दीतून एक माणूस पुढे घुसला. चार दिवसांपूर्वी शेठजींनी त्याला चारचौघांत वाटेल ते बोलून कामावरून काढले होते. तो प्यायलेला होता आणि त्याच्या हातात सुतळी कापायची सुरी होती.

"आता बोल!" तो शेठजींवर धावला.

दौलू मध्ये पडला. जे झाले ते पाहण्यासारखे होते. एक पाऊल बाजूला, मनगट पकडीत, एक पिळा, आणि लखलखती सुरी दौलूच्या हातात. बाजाराने श्वास सोडला. आणि मग, अकरा वर्षे दिवसातून चाळीस वेळा जे केले तेच, दौलूने ती सुरी कपाळाला लावली आणि दोन्ही हातांनी त्या माणसाला परत दिली.

तो माणूससुद्धा गोंधळला. त्याने सुरीकडे पाहिले, दौलूकडे पाहिले. दौलू तर पवित्रा घेऊन पुढच्या वाराची वाट पाहत होता. आपण काय केले, ते त्याच्या चेहऱ्यावर उमटायला एक क्षण लागला, आणि तेवढ्या क्षणात सुरी पुन्हा शेठजींच्या रोखाने निघाली.

सगुणा जवळ होती. तिने काही ठरवले नाही. ठरवायला वेळच नव्हता. तिचे पाऊल सरकले, मनगट हातात आले, सुरी सुटली, आणि तिच्या तोंडून निघाले, "सरका! सरका!" त्या आवाजाने बाजार मधोमध दुभंगला. हमाल सरकले, बैल सरकले, पाट्या घेऊन बसलेल्या बाया सरकल्या, आणि ती मुलगी सुरी खाली धरून सरळ पोलीस चौकीत शिरली. हवालदार डबा खात होते. तिने सुरी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"कुणाची ही?"

"माझी नाही," सगुणा धापा टाकीत म्हणाली. "पण परत देऊ नका."

इकडे त्या माणसाचे दोन्ही हात रिकामे झाल्याबरोबर साऱ्या बाजाराला धीर आला. सुरीपुढे जे मागे सरले होते, तेच दहा हमाल पुढे झाले आणि त्यांनी त्याला ढेपांवर बसवून ठेवले. कोणाला ओरखडाही उठला नाही. बसल्या बसल्या तो रडू लागला, तेव्हा शेठजींनीच त्याला पाणी पाजायला सांगितले.

संध्याकाळी दौलू तालमीत आला. मागोमाग पागोटे सारखे करीत शेठजी आले आणि सगुणाही आली. दौलू वस्तादांच्या पायाशी बसला.

"वस्ताद, माझ्या हातानं काय केलं हो हे!"

"जे मी शिकवलं ते," वस्ताद म्हणाले. "हात आज्ञाधारक असतो, दौलू. चूक आज्ञेत होती."

मग त्यांनी डावा हात उपरण्याबाहेर काढून सर्वांसमोर धरला.

"ही बोटं झुंजीत गेली, असं तुम्ही सांगता. मी कधी नाही म्हणालो नाही. खरं ऐका. मी तुझ्या वयाचा होतो. जत्रेत एक जण सुरी घेऊन अंगावर आला. मी ती काढून घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी ती कपाळाला लावून त्याला परत दिली. दुसऱ्या वारात ही दोन गेली. प्रसंग आला की माणूस बुद्धीला विचारत नाही, तो सवयीला विचारतो. हे मला तेव्हाच कळलं होतं. पण रीत बदलायची म्हणजे का बदलतो ते सांगावं लागणार, आणि ते सांगायची मला लाज वाटत होती. तीस वर्षं मी तुम्हाला तीच चूक शिकवत राहिलो. ही पोर नवीन होती, हिच्या हाताला अजून काही ठाऊक नव्हतं. म्हटलं, निदान हिला तरी बरोबर शिकवू. कारण मात्र तेव्हाही सांगितलं नाही."

मग शेठजींनी हातातल्या कागदांकडे पाहिले.

"पोरी, ही प्रमाणपत्रं माझ्याकडेच राहू देत. सोमवारी शाळा उघडायची आहे."

"पण मी पळाले होते, शेठ."

"पळालीस म्हणून तर मी इथे उभा आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे चाळीस शिष्य जोड्या लावून उभे राहिले. पहिला वार दौलूवर झाला. त्याने सुरी काढून घेतली. त्याचा हात कपाळाकडे निघाला, अर्ध्यात थबकला. दारातून वस्ताद गरजले, "पळ!" आणि अकरा वर्षे शिकलेला तो तरबेज शिष्य "सरका!" अशी आरोळी ठोकून लिंबाकडे धावला. त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा. हौदाचे पाणी काठावरून सांडू लागले. गुरे मान वर करून पाहत राहिली. सराव संपल्यावर सगुणाने सगळ्या सुऱ्या हौदातून काढल्या आणि पुसल्या. प्रत्येकाने एकेक कपाळाला लावून तालमीतल्या मारुतीसमोर ठेवली. जुनी रीत मोडली नाही, तिला तिची वेळ मिळाली.

सोमवारी सगुणा एकटी घाट चढून गेली. वरून शाळेच्या घंटेचा आवाज आला, तेव्हा तालमीच्या दारात बसलेल्या वस्तादांनी डावा हात उंच करून तिला आशीर्वाद दिला. त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर उपरणे नव्हते.

ज्याने आयुष्यभर शिकवले त्याने, म्हणजे ही गोष्ट सांगणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकानेसुद्धा, आपण शिष्यांच्या हातांना नकळत काय परत द्यायला शिकवले, हे एकदा मोकळेपणाने सांगावे. उशीर झाला असला तरी सांगावे.