मृगावतीचा गोरा पाट

एका राज्यात सोन्याचं सिंहासन नव्हतं. शिवणीच्या लाकडाचा पाट होता, दुधासारखा गोरा. राजा नवा, तर पाटही नवा. आणि तो ज्याचा त्याने कापायचा, अशी तिथली रीत. म्हातारा राजा गेला, तेव्हा धूम्रकेश मांत्रिकाने शाप दिला : "पाट काळा पडला, तर कापणारा लाकूड होईल. पाट गोरा निघेपर्यंत राज्य माझं."

थोरल्या राजपुत्राने झाड पाडलं आणि आधी जेवणावळी उठवल्या. ओंडका पडून राहिला, आतून निळा-काळा पडला. मधल्याने फळ्या लगेच कापल्या, पण राजचिन्ह म्हणून रेशमात गुंडाळून पेटीत ठेवल्या. त्या बुरशीने काळवंडल्या. दोघे भाऊ दरबारात काळे पुतळे होऊन उभे राहिले. मांत्रिक त्यांच्या खांद्यांवर आपलं ओलं उपरणं वाळत घाली.

ते पाहून धाकटी मृगावती उठली. "उपरणं काढ. माझे भाऊ म्हणजे तुझी वलणी नव्हे."

शिशिराच्या थंडीत तिने शिवणीचं झाड पाडलं. शेजारच्या झाडावरून धनेश पक्षी म्हणाला, "थांबू नकोस, राजकन्ये. शाप लाकडाच्या ओलीत राहतो."

दिवस कलायच्या आत तिने फळ्या कापल्या. तळहात सोलले, करवत थांबली नाही. मग भुसा झाडून, वाऱ्याच्या खिंडीत, सावलीला, तिने फळ्या उभ्या केल्या. मध्ये सुक्या पट्ट्या, एकीला दुसरी चिकटू नये म्हणून.

दरबारी नाकं मुरडत आले. "राजचिन्ह असं उघड्यावर?"

"वाऱ्याला मुजरा नको, वाट हवी," मृगावती म्हणाली.

तेव्हा मांत्रिकाने मंत्र टाकला. वारा पडला. पान हलेना. फळीच्या कडेला राखाडी डाग उमटला आणि मृगावतीची नखं लाकडाची झाली.

धनेश ओरडला, "वारा त्याच्या जटेच्या गाठीत आहे!"

ती करवत घेऊन दरबारात शिरली. तोवर बोटं ताठरली होती.

"गाठ सोड, मांत्रिका."

"आधी विनंती कर, पोरी."

"तुझं राज्य असतं तर केली असती."

तिने करवत चालवली. जट तुटली, वारा सुटला आणि त्याने धूम्रकेशाला उचलून सात डोंगरांपलीकडे फेकलं. मग तो खिंडीत शिरला आणि फळ्या खणखणीत वाळेपर्यंत वाहत राहिला. डाग वरवरचाच होता; रंधा फिरवताच उतरला. आत लाकूड होतं पहाटेच्या उजेडासारखं.

गोरा पाट दरबारात मांडला गेला आणि मृगावतीची बोटं पुन्हा वळू लागली. भावांनी श्वास घेतला. थोरला सवयीने सरळ पाटाकडे निघाला.

"दादा," मृगावती म्हणाली, "बसायचं तर कापून आण. करवत तिथे आहे."

थोरल्याने तिच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं, मोठ्याने हसला, आणि सगळ्यांच्या आधी त्यानेच मुजरा केला.

राणी पाटावर बसली. करवत जिची, राज्य तिचं; ऐकणाऱ्यांच्या घरीही असाच मोकळा वारा खेळो.